लिओनार्दो दा व्हिंची व दंडांतील बेडकुळी

आमच्या शाळेच्या मैदानावर मधल्या सुटींत एक देखावा वरचेवर दृष्टीस पडतो. एखादा विद्यार्थी सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारतो, मूठ आवळून हात कोंपरांत वांकवितो, आणि दंडावर उठलेली बेडकुळी भोंवतालच्या मुलांस दाबून पाहावयास लावितो. ही बेडकुळी काय काम करते, असें त्या मल्लास विचारिलें, तर ती हात वांकविते असें तो ताबडतोब सांगतो. उत्तर चूक नाहीं. पण तें अर्धेंच आहे. राहिलेलें अर्धें उत्तर ज्या पुरुषानें प्रथम शोधून काढिलें, तो वैद्य नव्हता. कोणत्याहि विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून चढला नव्हता. तो चित्रकार होता. प्रभु येशू व त्याचे बारा शिष्य मेजाशीं बसले आहेत, असें शेवटल्या भोजनाचें जें चित्र आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं भिंतीवर टांगलेलें असतें, तें मूळ ज्यानें काढिलें, तोच हा लिओनार्दो दा व्हिंची.

इटली देशांत फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिमेस व्हिंची नांवाचें एक लहानसें डोंगरी गांव आहे. तेथें १५ एप्रिल १४५२ रोजीं लिओनार्दोचा जन्म झाला. त्याचे वडील पिएरो हे दस्तऐवज करून देण्याचा धंदा करीत. आई कातेरिना हिचें लग्न त्यांच्याशीं झालें नव्हतें. अशा मुलास त्या काळीं वडिलांचा धंदा करितां येत नसे, व विद्यापीठाच्या शिक्षणाची वाटहि त्याच्यापुढें नव्हती. लॅटिन ही त्या वेळची विद्वानांची भाषा. ती तो बऱ्याच मोठ्या वयांत आपली आपण शिकूं लागला, आणि तीहि त्यास चांगलीशी आली नाहीं. पोथ्यांच्या विद्येला तो असा मुकला. त्यामुळें डोळ्यांनीं पाहावें, हातानें काढावें, आणि मनास पटेल तेंच खरें मानावें, ही संवय त्यास लागली असावी, असें आम्हांस वाटतें.

पोरवयांतच तो फ्लॉरेन्समध्यें आंद्रेआ देल व्हेरोक्किओ ह्या नामांकित कारागिराच्या हाताखालीं राहिला, आणि १४७२ सालीं तेथील चित्रकारांच्या मंडळांत त्याचें नांव दाखल झालें. गंमत अशी, कीं त्या शहरीं चित्रकार हे वैद्य व औषधविक्रे ह्यांच्याच मोठ्या संघांत मोडत असत. मनुष्याची आकृति हुबेहूब काढावयाची, तर कातडीखालीं काय आहे तें ठाऊक पाहिजे, असें तेथील कलावंत मानूं लागले होते. लिओनार्दोस शरीररचनेची गोडी लागली ती ह्या वातावरणांत. इतर चित्रकार मात्र कातडीवर जेवढें उठून दिसतें तेवढ्यावर थांबले. लिओनार्दो थांबला नाहीं.

सुमारें १४८२ सालीं तो मिलान शहरीं लुदोव्हिको स्फोर्झा ह्या सत्ताधीशाच्या पदरीं गेला. तेथें १४८९ सालीं त्यानें मनुष्याच्या कवटीचीं जीं चित्रें काढिलीं, तीं आजच्या कोणत्याहि वैद्यकीय पुस्तकांत शोभतील. परंतु त्याच सुमाराचीं त्याचीं मेंदूचीं चित्रें मात्र चुकलेलीं आहेत. मेंदूंत एकामागें एक अशा तीन पोकळ्या आहेत, असें जुन्या पुस्तकांत लिहिलें होतें, आणि ह्यानेंहि तशाच तीन पोकळ्या मुकाट्यानें काढिल्या. पुढें कित्येक वर्षांनीं बैलाच्या मेंदूंत पातळ केलेलें मेण पिचकारीनें भरून त्यानें त्या पोकळ्यांचा खरा आकार काढिला, तेव्हां ती चूक सुटली. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करितों. कारण लिओनार्दो जन्मतःच सर्व जाणत होता अशी त्याची चरित्रें लिहिण्याची एक रीत पडली आहे, आणि ती त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

मिलान येथेंच, सांता मारिया देल्ले ग्रात्सिए ह्या मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर, सुमारें १४९५ ते १४९८ ह्या काळांत त्यानें शेवटल्या भोजनाचें चित्र रंगविलें. आपल्या घरची प्रत खालीं उतरवून तींतील हात पाहावे. मुखांवरील भावांइतकेच ते हात बोलतात. मध्यभागीं प्रभूचा उजवा हात मेजाकडे पालथा पसरलेला आहे, व डावा तळहात वर करून उताणा ठेविलेला आहे. पालथा हात आणि उताणा हात, ह्या दोहोंत मनुष्याच्या मनांतील केवढें अंतर दाखवितां येतें, हें चित्रकारास त्या वेळीं पूर्ण कळलें होतें. पण तळहात पालथ्याचा उताणा होतो कसा, हें त्यास अद्यापि पाहावयाचें होतें.

१४९९ सालीं फ्रेंचांनीं मिलान घेतलें आणि लिओनार्दोचा आश्रय तुटला. पुढील कांहीं वर्षें तो ठिकठिकाणीं फिरला. नकाशे काढिले, तटबंदीच्या मसलती दिल्या, मोना लिसाचें चित्र हातीं घेतलें, आणि पुष्कळ कामें अर्धीं टाकिलीं. तें सर्व सांगत बसण्याचें हें स्थळ नव्हे. १५०७ सालच्या अखेरीस तो फ्लॉरेन्स येथें सांता मारिया नुओव्हा रुग्णालयांत एका वृद्धापाशीं बसलेला आढळतो. आपलें वय शंभरांवर आहे, व अशक्तपणाखेरीज आपणांस दुसरी व्यथा नाहीं, असें त्या वृद्धानें त्यास सांगितलें. आणि थोड्याच तासांनीं बिछान्यावर बसल्या बसल्या, कसलीहि तगमग न होतां, त्याचा प्राण गेला. इतकें शांत मरण कशानें आलें, हें पाहाण्यासाठीं लिओनार्दोनें त्या देहाचें विच्छेदन केलें. हृदयास रक्त पुरविणाऱ्या नळ्या जाड होऊन आंतून अरुंद झाल्या आहेत, असें त्यास दिसलें, व तें त्यानें लिहून ठेविलें. ज्या विकारानें आज जगांत लाखों माणसें दगावतात, त्याचें हें पहिलेंवहिलें वर्णन होय.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. त्या काळीं धर्माधिकाऱ्यांनीं प्रेतांच्या विच्छेदनास बंदी केली होती, व लिओनार्दो चोरून हें काम करी, असें पुष्कळ पुस्तकांत छापलेलें असतें. तें यथार्थ नव्हे. इटलींतील विद्यापीठांत विच्छेदन उघडपणें होत असे, आणि रुग्णालयाच्या संमतीनें लिओनार्दोसहि तें करितां आलें. अडचण बंदीची नव्हती, दृष्टीची होती. अध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाची, आणि खालीं दुसराच कोणी सुरी चालवी. तो ग्रंथ बहुधा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील गेलेन नामक ग्रीक वैद्याच्या शिकवणीवर आधारलेला असे; आणि गेलेननें तर प्रायः वानरें व इतर जनावरेंच फाडून पाहिलीं होतीं. समोरचें प्रेत आणि हातांतील ग्रंथ ह्यांचा मेळ बसला नाहीं, तर दोष प्रेताचा मानण्याकडेच कल असे.

लिओनार्दोनें सुरी आपल्या हातीं घेतली. प्रेत टिकविण्याचीं औषधें तेव्हां नव्हतीं. म्हणून हें काम हिवाळ्यांत आणि घाईनें करावें लागे. एक देह पुरत नसे, एकच गोष्ट पाहाण्यास अनेक देह लागत. कातडी सोललेल्या प्रेतांच्या संगतींत रात्री काढणें किती भयंकर असतें, हें त्यानें स्वतःच लिहिलें आहे. त्याच्या मागोमाग येऊं पाहाणाऱ्यास त्याचा इशारा असा, कीं पोटांत ढवळलें नाहीं तरी भीति आडवी येईल. भीति जिंकली तरी चित्रकला साधेलच असें नाहीं. आणि चित्रकला साधली तरी भूमिति व बळांचें गणित येत नसेल, तर सर्व व्यर्थ.

१५०८ नंतर तो पुनः मिलानमध्यें राहूं लागला. जवळच पाव्हिया येथील विद्यापीठांत मार्कांतोनिओ देल्ला तोर्रे नांवाचा एक तरुण व बुद्धिमान शारीरशास्त्राचा अध्यापक होता. त्याच्याशीं लिओनार्दोचा स्नेह जडला. १५१०–११ च्या हिवाळ्यांत लिओनार्दोनें हाडें व स्नायु ह्यांचा अभ्यास कळसास नेला. त्या एका हिवाळ्याचे अठरा कागद उरले आहेत. बहुतेक दोन्ही अंगांनीं भरलेले. त्यांवर २४० हून अधिक चित्रें व १३,००० हून अधिक शब्द आहेत.

आतां आमच्या मल्लाकडे वळूं. आमच्या वाचकांनीं पुढील प्रयोग वाचतां वाचतांच करून पाहावा. उजवें कोंपर काटकोनांत वांकवून मेजावर टेकावें, आणि डाव्या हाताचीं बोटें उजव्या दंडावर ठेवावीं. उजवा तळहात प्रथम पालथा करावा, आणि मग, जणूं एखादी घट्ट किल्ली कुलपांत फिरवीत आहों अशा जोरानें, तो उताणा करावा. कोंपराचा कोन तसूभरहि बदलला नाहीं, तरी डाव्या हाताच्या बोटांखालीं बेडकुळी टणक होऊन उठते. हात वांकलेला नसतां ती कां उठली?

ह्याचें कारण हाडांच्या बांधणींत आहे. दंडांत एकच हाड असतें, परंतु कोंपराखालीं मनगटापर्यंत दोन असतात. करंगळीच्या बाजूचें हाड दंडाच्या हाडाशीं दाराच्या बिजागरीप्रमाणें जोडलेलें असतें. तें फक्त वांकूं व उघडूं शकतें. अंगठ्याच्या बाजूचें हाड मात्र आपल्याभोंवतीं फिरूं शकतें. तळहात उताणा असतां हीं दोन हाडें शेजारीं शेजारीं असतात. तळहात पालथा केला, कीं अंगठ्याकडील हाड दुसऱ्यावर तिरपें आडवें पडतें. लिओनार्दोनें हीं दोन्ही चित्रें जवळ जवळ काढून दाखविलीं आहेत, आणि हाडें अशीं तिरपीं झालीं म्हणजे कोंपर ते मनगट ही लांबी किंचित् कमी होते, हेंहि त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं.

बेडकुळीचा जो स्नायु, त्यास द्विशिर स्नायु म्हणतात. बायसेप्स हें त्याचें लॅटिन नांव. त्याचीं दोन मुळें खांद्याच्या फऱ्यापासून, म्हणजे पाठीवरील त्रिकोणी चपट्या हाडापासून, निघतात, आणि खालीं त्याची कंडरा अंगठ्याकडील हाडावरच्या एका उंचवट्यास जाऊन बिलगते. ह्यांतच सर्व मर्म आहे. तो उंचवटा हाडाच्या आंतल्या अंगास असल्यामुळें, तळहात पालथा केला कीं कंडरा त्या हाडाभोंवतीं अर्धवट गुंडाळली जाते. भोंवऱ्याला गुंडाळलेली जाळी ओढली म्हणजे भोंवरा फिरतो. त्याच न्यायानें बेडकुळीनें कंडरा ओढतांच हाड फिरतें आणि तळहात उताणा होतो. आमच्या वर्गांत आम्ही हें भोंवरा घेऊनच दाखवितों. खडूच्या चित्रानें जी गोष्ट पाऊण तासांत समजत नाहीं, ती ह्या रीतीनें मागल्या बाकावरहि क्षणांत पोहोंचते.

बायसेप्सच्या खालीं दडलेला दुसरा एक स्नायु आहे, त्याचें नांव ब्रेकिआलिस. तो दंडाच्या हाडापासून निघून करंगळीच्या बाजूच्या हाडास लागतो. म्हणून तो फिरविण्याचें काम करूं शकत नाहीं, पण हात वांकविण्याचा खरा भार मुख्यतः तोच उचलतो. बेडकुळीच्या आड राहून राबणाऱ्या ह्या सेवकाचें नांव आखाड्यांत कोणी घेत नाहीं. दंडाच्या मागें तीन मुळांचा ट्रायसेप्स असतो. तो कोंपराच्या टोंकास धरून हात सरळ करितो. स्नायूस ओढतां येतें, लोटतां येत नाहीं. म्हणून वांकविणारा एक असेल तर उलगडणारा दुसरा असावाच लागतो. शिवाय बायसेप्सची कंडरा कोंपराच्या सांध्यापासून अवघ्या दीड-दोन इंचांवर हाडास लागते, आणि ओझें तर पार तळहातावर असतें. त्यामुळें तळहातावरील एक शेर वजन तोलून धरण्यास वांकविणाऱ्या स्नायूंना सात-आठ शेरांचा ताण द्यावा लागतो. हा तोटा वेगानें भरून निघतो. स्नायु थोडासा आंखडतांच हात झर्रकन् वर येतो.

लिओनार्दो यंत्रें रचणारा असल्यामुळें त्यास हा विषय तरफा व दोऱ्या ह्यांच्या भाषेंत सुचला. खांद्याच्या एका चित्रांत त्यानें मांसल स्नायु मुळींच न काढितां त्यांच्या जागीं नुसत्या दोऱ्या ताणून दाखविल्या आहेत, म्हणजे कोण कोणत्या दिशेनें ओढतो तें पाहाणाऱ्यास तत्काळ समजावें. दुसऱ्या कागदांवर तोच दंड व तोच खांदा थोडथोडा वळवून अनेक बाजूंनीं काढिला आहे; जणूं आपण त्या मनुष्याभोंवतीं फिरूनच पाहात आहों. आणि बायसेप्स हा कोंपर वांकवितो व तळहात उताणाहि करितो, हीं त्याचीं दोन्ही कामें त्यानें चित्रांसह स्पष्ट लिहून ठेविलीं आहेत. ज्ञात इतिहासांत हें ओळखणारा पहिला मनुष्य तोच.

हें सर्व छापून एक मोठा ग्रंथ काढण्याचा त्याचा मानस होता. तसें घडतें, तर शारीरशास्त्राचा इतिहास निराळा झाला असता. परंतु १५११ सालीं देल्ला तोर्रे प्लेगनें वारला. ग्रंथरचनेची शिस्त ज्यास अवगत होती तो सोबती गेला, आणि लिओनार्दोस स्वतःस कोणत्याहि विषयाचा शेवट करण्याची संवय नव्हती. स्नायूंवरून तो हृदयाकडे वळला, हृदयावरून पाण्याच्या भोंवऱ्यांकडे. त्याच्या चाहत्यांस हें आवडणार नाहीं, पण ग्रंथ न निघण्याचा दोष आम्ही केवळ दैवावर टाकूं इच्छीत नाहीं. पुढें रोम शहरीं असतां एका जर्मन आरसे करणाऱ्यानें त्याच्याविरुद्ध कागाळ्या केल्या, आणि तेथील रुग्णालयांत त्याचें विच्छेदनाचें कामहि बंद पडलें.

१५१६ सालीं फ्रान्सचा तरुण राजा पहिला फ्रान्सिस ह्याच्या बोलावण्यावरून तो आंब्वाझ येथें जाऊन राहिला. १० ऑक्टोबर १५१७ रोजीं आरागॉनचा कार्डिनल लुईजी त्याच्या भेटीस आला. त्याच्या चिटणिसानें त्या भेटीची नोंद केली आहे, तींत दोन गोष्टी आहेत. एक ही, कीं आपण तीसांहून अधिक स्त्रीपुरुषांच्या देहांचें विच्छेदन केलें असें वृद्ध चित्रकारानें सांगितलें, आणि स्नायु, कंडरा व सांधे ह्यांचीं चित्रें पाहुण्यांस दाखविलीं. दुसरी ही, कीं त्याचा उजवा हात अर्धांगानें गेला होता. ज्या अवयवाची प्रत्येक दोरी त्यानें उलगडून पाहिली होती, तोच त्याच्या देहाशीं लुळा पडला. तो जन्माचा डावखुरा असल्यामुळें त्याचें रेखाटणें व लिहिणें चालूं होतें. मात्र रंगकामांतील पूर्वीची कोमलता राहिली नव्हती. २ मे १५१९ रोजीं तेथेंच त्याचें देहावसान झालें.

कागद त्यानें आपला प्रिय शिष्य फ्रांचेस्को मेल्त्सी ह्याच्या स्वाधीन केले होते. मेल्त्सीनें ते मरेपर्यंत जिवापाड जपले. त्याच्या मागें मुलांनीं ते माळ्यावर टाकिले. पुढें पोम्पेओ लेओनी नांवाच्या शिल्पकारानें त्यांतील पुष्कळ मिळवून एका मोठ्या पुस्तकांत चिकटविले, आणि तें पुस्तक सतराव्या शतकांत इंग्लंडच्या राजसंग्रहांत जाऊन पडलें.

तोंपर्यंत जग थांबलें नव्हतें. १५४३ सालीं अँड्रिअस व्हेसेलिअस ह्यानें बाझेल येथें मनुष्यदेहाच्या रचनेवर सचित्र ग्रंथ छापिला, आणि अर्वाचीन शारीरशास्त्राचा पाया घातल्याचा मान योग्यच रीतीनें त्यास मिळाला. परंतु बेडकुळीचें तें दुसरें काम वैद्यकास ठाऊक झालें नाहीं. १७१३ सालीं विल्यम चेसल्डन ह्या इंग्रज शस्त्रवैद्यानें तें नव्यानें शोधून लिहिलें. म्हणजे लिओनार्दोनंतर दोनशें वर्षांनीं. १८६७ सालीं द्यूशेन ह्या फ्रेंच वैद्यानें जिवंत माणसांच्या स्नायूंस विजेची चेतना देऊन अशा हालचालींचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. चेसल्डन आपलें पुस्तक लिहीत होता, त्या वेळीं लिओनार्दोचे कागद त्याच देशांत एका पेटींत पडून होते. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत विल्यम हंटर ह्या शारीरशास्त्रज्ञास ते पाहावयास मिळाले, व तो चकित झाला; तरीहि ते छापले गेले नाहींत.

त्या हिवाळ्याचे अठरा कागद अखेर १८९८ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झाले. लिओनार्दोच्या मृत्यूस तेव्हां ३७९ वर्षें झालीं होतीं. मूळ कागद विंडसर येथील राजवाड्यांत आहेत. त्यांवरील मजकूर डाव्या हातानें, उजवीकडून डावीकडे, उलट्या अक्षरांत लिहिलेला असल्यामुळें आरशापुढें धरिल्यावांचून तो सहसा वाचतां येत नाहीं. चित्रांना मात्र आरसा लागत नाहीं.